मंदी आणि खासगी विमानांचा बाजार



पेडणे तालुक्यातील आमच्या धारगळ गावी, सुकेकुळणच्या तिठ्यावर राष्ट्रीय महामार्ग सोडला, की मोपाच्या विमानतळाकडे जाणारा नवा रुंद रस्ता लागतो. ज्या पठारावर काजूची झाडे आणि गुरांची चराई एवढाच काय तो मुख्य व्यवहार होता, तेथे ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उतरू लागली. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचा एकच प्रश्न होता व आजही आहे : आमच्या मुलांना यातून काय मिळणार? टॅक्सीच्या काउंटरसाठीसुद्धा पेडणेकरांना आंदोलने करावी लागली, यावरून त्या प्रश्नाची तीव्रता ध्यानात यावी.

आज मी ज्या विमानांविषयी बोलणार आहे, ती मात्र दीडशे-पावणेदोनशे उतारू घेऊन जाणारी विमाने नव्हेत. नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास गोव्याच्या आकाशात काही लहान, सडपातळ जेट विमानेही दिसतात. त्यांपैकी बहुतेकांची यंत्रे पंखांखाली नसून शेपटीजवळ दोन बाजूंना बसविलेली असतात. वर्गातील मुले हा फरक चटकन टिपतात आणि विचारतात, “गुरुजी, ती कोणाची?” ती असतात कंपन्यांची, उद्योगपतींची किंवा भाड्याने विमाने देणाऱ्या पेढ्यांची. इंग्रजीतून आलेला ‘बिझनेस जेट’ हा शब्दच आता त्यांच्यासाठी रूढ झाला आहे. सहा-आठ माणसांपासून पंधरा-वीस माणसांपर्यंत त्यांची क्षमता असते. नव्या विमानाची किंमत सुमारे तीस लाख डॉलरपासून सात-आठ कोटी डॉलरपर्यंत जाते.

धनिकांच्या या वस्तूची चौकशी शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या गावाने कशाला करावी, असे कोणी म्हणेल. पण आम्हा गोवेकरांना दूरच्या बाजारावर जगण्याची सवय जुनी आहे. बार्देश-पेडण्यातील कितीतरी घरांच्या चुली तारवट्यांच्या पैशावर पेटत आल्या. आगबोट कोणाची, तिच्यातून कोण श्रीमंत प्रवास करतो, याच्याशी त्या घरांना कर्तव्य नव्हते. आगबोट उभी राहिली, की घरची चूल विझते, एवढे मात्र प्रत्येक माउलीला ठाऊक होते. उद्या आपली मुले विमानांच्या धंद्यात शिरू पाहत असतील, तर हा धंदा मंदीत कसा बसतो आणि पुन्हा कसा उठतो, हे आपण समजून घेतलेच पाहिजे. कारण प्रवासी विमानांहूनही खासगी विमानांच्या बाजाराला मंदीचा वारा आधी लागतो.

या बाबतीत सर्वांत बोधप्रद उदाहरण २००८ सालच्या जागतिक मंदीचे आहे. त्या वर्षी जगभरातील कारखान्यांनी मिळून १,३०० हून अधिक बिझनेस जेट विमाने गिऱ्हाइकांच्या ताब्यात दिली. हा उच्चांक होता. कारखान्यांकडे दोन-दोन, तीन-तीन वर्षे पुरतील इतक्या मागण्या नोंदविलेल्या होत्या. कागदावर पाहिले, तर असा भरभराटीचा धंदा दुसरा नव्हता. परंतु त्या मागण्यांत पुष्कळ पाणी होते. अनेकांनी विसार देऊन नंबर लावला होता तो विमान वापरण्यासाठी नव्हे, तर आपला नंबर येईपर्यंत भाव चढेल व तो हक्क दुसऱ्यास नफ्याने विकता येईल या हिशेबाने. मोपाचा विमानतळ होणार असे ठरल्यावर आमच्या तालुक्यात भूखंडांचे जे व्यवहार झाले, त्यांतही अशी माणसे दिसली. विसार द्यायचा, आणि खरेदीखताची वेळ येण्याआधी दुसरा खरेदीदार गाठायचा. भाव चढता असेतो हा खेळ उत्तम चालतो. भाव उतरला, की विसार सोडून माणूस पसार होतो, आणि मागणीचा डोंगर मुळात केवढा होता ते मग कळते.

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही मोठी पेढी बुडाली आणि बँकांनी कर्जे देण्याचे हात आखडले. बहुतेक लहान विमाने कर्जाने घेतली जातात. तेव्हा पहिला तडाखा तेथेच बसला. त्यातच नोव्हेंबर २००८ मध्ये एक प्रसंग घडला, त्याने या धंद्याची अब्रू गेली. डेट्रॉइटच्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारी मदत मागण्यासाठी वॉशिंग्टनला गेले, ते प्रत्येकजण स्वतंत्र खासगी विमानाने. हातात भिक्षापात्र आणि बुडाखाली खासगी विमान, हे चित्र अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींना सहन झाले नाही. पुढल्या महिन्यात तेच गृहस्थ मोटारीने आले! त्यानंतर ज्या कंपन्यांना विमान परवडत होते, त्यांनाही ते मिरविण्याची भीती वाटू लागली. सिटीग्रुप या बँकेने सरकारी मदत घेतली होती. तिने नवीन फाल्कन विमानाची खरेदी जानेवारी २००९ मध्ये लोकक्षोभापायी सोडून दिली. वस्तूची मागणी केवळ पैशाने घटत नाही, लाजेनेही घटते, हा धडा अर्थशास्त्राच्या पुस्तकात फारसा सापडत नाही.

परिणाम काय झाला, तो आकडेच सांगतात. १,३०० च्या वरचा आकडा २००९ मध्ये नऊशेच्या खाली आला, २०१० मध्ये साडेसातशेच्या आसपास गेला आणि त्यानंतरही घसरतच राहिला. एकट्या सेसना कंपनीने २००८ मध्ये ४६७ सायटेशन जेट विमाने दिली होती. दोन वर्षांनी ती संख्या १८० च्या आत आली. विमाने वाटून घेण्याची योजना चालविणारी नेटजेट्स ही कंपनी वॉरन बफे यांच्या बर्कशायर समूहातील. तिला २००९ साली ७१ कोटी डॉलरचा तोटा झाला. बफे यांनी पूर्वी स्वतःच्या विमानाचे नाव थट्टेने ‘असमर्थनीय’ अशा अर्थाचे ठेवले होते आणि पुढे ते बदलून ‘अपरिहार्य’ अशा अर्थाचे केले. २००९ साली त्यांना कदाचित पहिलेच नाव आठवले असेल.

या आकड्यांच्या मागे एक गाव आहे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील विचिटा हे ते गाव. सेसना, बीचक्राफ्ट आणि लिअरजेट ही तिन्ही नावे त्या एका गावची. आपल्याकडे डिचोलीचे जे खनिजाशी नाते, तेच विचिटाचे विमानाशी. मंदीच्या त्या फेऱ्यात सेसनाचे जवळजवळ निम्मे कामगार घरी बसले. दोन वर्षांपूर्वी जादा वेळ काम करा म्हणून ज्यांची मनधरणी होत होती, तेच पत्राकाम करणारे कारागीर कामाच्या शोधात हिंडू लागले. सेसनाने जुळवाजुळवीत असलेले ‘कोलंबस’ हे मोठे विमान जुलै २००९ मध्ये रद्द केले. हॉकर बीचक्राफ्ट कंपनीने मे २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि पुढे ती सावरली ती जेट विमानांचे उत्पादन कायमचे सोडून.

आता मुख्य प्रश्न. मंदी संपत आली हे ओळखायचे कसे? कारखानदारांची वक्तव्ये ऐकून मुळीच नव्हे. विकणाऱ्याला उद्याचा दिवस नेहमीच आजच्यापेक्षा उजळ दिसतो, आणि तो तसा दिसलाही पाहिजे, नाहीतर त्याने दुकान उघडावेच कशाला? नोंदविलेल्या मागण्यांच्या फुगीरपणाविषयी मी सांगितलेच. माझ्या मते या बाजाराची खरी नाडी लागते ती जुन्या विमानांच्या व्यवहारात.

हे समजण्यासाठी डिचोलीची आठवण पुरेशी आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या. तेथे कारण बाजारातील मंदी हे नसून कायदा हे होते. तथापि यंत्राच्या वाट्याला जे भोग येतात ते सारखेच. डिचोली-सत्तरीच्या अंगणांतून, रस्त्यांच्या कडांना, खनिजवाहू ट्रक रांगेने उभे राहिले. मांडवीत बार्जेस नांगर टाकून बसल्या. प्रत्येकावर बँकेचे कर्ज. एकाच वेळी सर्वांनाच ट्रक विकावयाचा होता आणि घेणारा कोणी नव्हता. अशा वेळी नवा ट्रक विकणाऱ्या दुकानदाराकडे कोण फिरकणार? शेजारी निम्म्या किमतीत दोन वर्षे वापरलेला ट्रक उभा असताना नवा घेणारा मूर्ख ठरेल. मधल्या काळात खाणी काही अंशी सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. पण पहिल्या खेपेचे उभे ट्रक जोवर मोडीत किंवा परप्रांतात गेले नाहीत, तोवर नव्या ट्रकांचा बाजार सुधारण्याची आशा नव्हती.

विमानांचे अगदी असेच झाले. सामान्य काळात जगातील शंभर बिझनेस जेट विमानांपैकी दहाच्या आसपास विक्रीस असतात. २००९ च्या मध्यास ही संख्या सतरा-अठरावर गेली. म्हणजे जवळजवळ दर सहावे विमान गिऱ्हाइकाची वाट पाहत होते, आणि त्यांत पुष्कळशी तर नवीकोरी म्हणावीत अशी. किमती कोसळल्या. विमान तारण ठेवून ज्यांनी कर्ज घेतले होते, त्यांचे कर्ज तारणाहून मोठे झाले. मग मालक विकेना, कारण विकून कर्जही फिटत नव्हते, आणि गिऱ्हाईक घेईना, कारण उद्या भाव आणखी उतरेल असे त्याला वाटे. दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले. हा काळ कारखान्यांना सर्वांत कठीण जातो.

उभ्या विमानाची किंमत किती लवकर विरघळते, याचे एक उदाहरण मुंबईच्या विमानतळावर कित्येक वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर होते. विजय मल्ल्या यांची किंगफिशर ही विमानकंपनी ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली. आमच्या शेजारच्या बार्देश तालुक्यात कांदोळीला त्यांचा जो बंगला होता, तोही पुढे २०१७ साली बँकांनी विकला. त्यांचे ऐषारामी एअरबस ए-३१९ विमान सेवाकराच्या थकबाकीपोटी जप्त झाले व मुंबईस उभे राहिले. २०१६ च्या लिलावात त्याची किमान किंमत १५२ कोटी रुपये ठेवण्यात आली होती. बोली आली एकच, आणि ती होती १ कोटी ९ लाखांची! अखेर २०१८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडाच्या एका कंपनीने ते ३४ कोटी ८० लाख रुपयांस घेतले. विमान म्हणजे सोने नव्हे, ते तिजोरीत ठेवून टिकत नाही. उडो वा न उडो, ठरावीक मुदतीने त्याची तपासणी करावी लागते, सुटे भाग बदलावे लागतात, जागेचे भाडे भरावे लागते. समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेत धातूला गंज चढतो, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या आपणांस सांगावयास नकोच. त्यामुळे मंदीत उभे राहिलेले विमान मालकाचे धन दर महिन्याला खाते.

म्हणून मी म्हणतो, की उठाव पाहावयाचा असेल तर तीन गोष्टींकडे क्रमाने नजर ठेवावी लागते. पहिल्यांदा उड्डाणे वाढतात. ज्यांच्याजवळ विमान आहे ते ते पुन्हा वापरू लागतात. त्यानंतर विक्रीस असलेल्या जुन्या विमानांची संख्या घटते, आणि तीही आधी पाच-सात वर्षे वयाच्या चांगल्या विमानांची. ती संपत आली, जुन्या-नव्यातील किमतीचे अंतर कमी झाले, की मगच गिऱ्हाईक कारखान्याच्या दारात येते. कारखान्यात भरती सुरू होते ती त्याच्याही मागाहून. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत येण्यास २००८ नंतर किती वर्षे लागली असतील? उत्पादनाचा तळ गाठला गेला तो २०१६ साली, सुमारे ६६० विमानांवर. आठ वर्षे! आठवीतला मुलगा तोवर पदवीधर होऊन बसतो.

त्यातही सर्व विमानांची गत एकसारखी नव्हती. लहान विमाने घेणारा माणूस म्हणजे मध्यम व्यापारी, ठेकेदार, एखादा सधन डॉक्टर. त्याला बँकेची गरज असते. तो प्रथम पडला आणि शेवटी उठला. फार मोठी, खंडामागून खंड ओलांडणारी विमाने घेणाऱ्या धनाढ्यांना बँकेची तितकी पर्वा नव्हती. शिवाय ते केवळ अमेरिकेतच नव्हते, रशियात, चीनमध्ये, अरबस्तानातही होते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील गल्फस्ट्रीम कंपनीने आपल्या जी-६५० या प्रचंड विमानाची घोषणा मार्च २००८ मध्ये, म्हणजे ऐन वादळाच्या तोंडावर केली होती. ते डिसेंबर २०१२ मध्ये गिऱ्हाइकांच्या हाती पडले आणि खूप चालले. लहान विमानांचे कारखाने उपाशी, मोठ्यांचे सुखात, असा देखावा काही वर्षे होता. पण मोठ्यांचे सुखही चिरकाल टिकले नाही. तेलाच्या किमती २०१४ मध्ये कोसळल्या, चीनमध्ये भ्रष्टाचाराविरुद्ध मोहीम निघाली व श्रीमंती दाखविणे तेथे धोक्याचे झाले. मे २०१५ मध्ये कॅनडाच्या बाँबार्डिये कंपनीला आपल्या ग्लोबल जातीच्या मोठ्या विमानांचे उत्पादन कमी करावे लागले.

आणि एक गोष्ट मला विशेष खटकते. अर्थशास्त्री जेव्हा ‘बाजार सावरला’ असे म्हणतात, तेव्हा त्या वाक्यात गावाचे नाव नसते. बाजार सावरतो, पण तो जेथे पडला होता तेथेच उठेल असे नाही. ब्राझीलच्या एंब्राएर कंपनीने २०११ साली फ्लोरिडात कारखाना काढला. तिचे फेनॉम-३०० हे हलके जेट विमान मंदीच्याच काळात बाजारात येऊन अग्रेसर झाले. जपानच्या होंडाचे छोटे जेट विमान उत्तर कॅरोलिनात बनू लागले. विचिटाच्या कारागिराला यातून काय मिळाले? सेसनाने पुढे नवी विमाने काढली हे खरे, पण १९६० च्या दशकापासून ज्या नावाने खासगी जेट विमान घराघरांत ओळखले जाई, ते लिअरजेट मात्र गेले. शेवटचे नवे लिअरजेट मार्च २०२२ मध्ये कारखान्याबाहेर पडले. परंतु येथेच गंमत आहे. त्या आवाराला टाळे लागले नाही. आकाशात अजून उडणाऱ्या शेकडो लिअरजेट विमानांची दुरुस्ती-देखभाल तेथे चालू राहिली. नवे विमान विकत घेणे पुढे ढकलता येते, पण उडणाऱ्या विमानाची तपासणी ढकलता येत नाही. मंदीत उड्डाणे कमी होतात आणि दुरुस्तीचे कामही थोडे आटते, नाही असे नाही. पण विक्री ज्या वेगाने कोसळते, त्या मानाने ही घट पुष्कळ कमी असते. हा मुद्दा पेडण्याच्या आईबापांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्याकडे मी पुन्हा येतो.

त्याआधी २०२० सालाचा उल्लेख करावयास हवा, कारण त्या वर्षाने सर्व भाकिते उलटी पाडली. कोरोनाच्या साथीत एप्रिल २०२० मध्ये जगातील आकाश रिकामे झाले. खासगी विमानेही थांबली. जाणत्यांना वाटले, पुन्हा २००८. त्या वर्षी दिलेल्या विमानांची संख्या आदल्या वर्षीच्या ८०९ वरून ६४४ वर आलीसुद्धा. पण उन्हाळा संपेतो अमेरिकेत खासगी उड्डाणे पूर्वपदाच्या जवळ आली होती आणि २०२१ मध्ये त्यांनी उच्चांक मोडला. असे का व्हावे? या खेपेस बँका बुडाल्या नव्हत्या. शेअरबाजार लवकर वर आला. प्रवासी विमानसेवा बंद किंवा तुटपुंज्या होत्या, आणि गर्दीत बसण्याचे भय होते. ज्यांना ऐपत असूनही पूर्वी खासगी विमानाचा संकोच वाटत असे, त्यांना आता प्रकृतीचे कारण सापडले. २००८ साली लाजेने मागणी मारली होती. २०२० साली भीतीने ती जिवंत केली. शिवाय अमेरिकेच्या २०१७ च्या करकायद्याने विमानाची सगळी किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून वजा करण्याची सवलत दिली होती, आणि ती जुन्या विमानासही लागू होती. पाहता पाहता विक्रीस असलेल्या विमानांचे प्रमाण शंभरात पाचाच्याही खाली गेले. बारा वर्षांपूर्वी दर सहावे विमान विक्रीस, आणि आता विसातले एकही सापडेना!

तरीसुद्धा कारखान्यांनी २००८ ची चूक पुन्हा केली नाही. मागणी आली म्हणून त्यांनी वाटेल तितकी विमाने ओतली नाहीत. काही अंशी ते शहाणपण होते आणि काही अंशी नाइलाज, कारण यंत्रे, सुटे भाग व कुशल हात यांचाच तुटवडा पडला होता. २०२४ साली जगात सुमारे ७६० बिझनेस जेट विमाने देण्यात आली. म्हणजे सोळा वर्षांनंतरही १,३०० चा आकडा पुन्हा दिसलेला नाही. हल्लीची विमाने मोठी व महाग असतात, म्हणून पैशाच्या मापाने चित्र अधिक उजळ दिसते. पण पत्रा ठोकणाऱ्या हाताला काम मिळते ते विमानांच्या संख्येवर आणि त्यात ओतलेल्या श्रमावर, किमतीच्या पाटीवर नव्हे.

आता हे सारे आपल्या दाराशी कसे येते ते पाहू. नागपूरच्या मिहान प्रकल्पात फ्रान्सची दसॉ आणि आपल्याकडील रिलायन्स यांचा संयुक्त कारखाना आहे. त्याची पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली. फाल्कन-२००० या बिझनेस जेट विमानाचे भाग तेथे तयार होऊ लागले, आणि जून २०२५ मध्ये पॅरिसच्या विमान-प्रदर्शनात अशी घोषणा झाली, की फाल्कन-२००० एलएक्सएस हे संपूर्ण विमान नागपुरात जुळविले जाईल आणि पहिले विमान २०२८ पर्यंत बाहेर पडेल. दसॉने आपली फाल्कन विमाने फ्रान्सबाहेर जुळविण्याचा हा पहिलाच प्रसंग. रतन टाटा स्वतः वैमानिक होते आणि फाल्कन-२००० चालवीत असत, हे वाचकांपैकी पुष्कळांना आठवत असेल. ते विमान आता मराठी मुलांच्या हातून घडणार, याचा आनंद कोणास होणार नाही? पण आनंदाबरोबर सावधपणाही हवा. नागपूर हे नवे विचिटा होऊ शकते, चांगल्या अर्थाने आणि वाईट अर्थानेही. ज्या दिवशी न्यूयॉर्क किंवा दुबईचा गिऱ्हाईक विसार सोडून देईल, त्या दिवशी त्याची झळ मिहानमधल्या पाळीला लागेल.

मोपाचे तसे नाही. तेथे विमाने बनत नाहीत, उतरतात. उतरणाऱ्या विमानाला इंधन लागते, जागा लागते, साफसफाई लागते, आणि दुरुस्ती लागते. आजवर भारतीय विमानांची पुष्कळशी मोठी दुरुस्ती परदेशी होत आली, कारण येथील कर भारी होते. १ एप्रिल २०२० पासून या दुरुस्तीसेवेवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला, आणि जुलै २०२४ पासून आयात सुट्या भागांवरही ५ टक्क्यांचा एकसारखा दर ठरला. त्यामुळे हे काम हळूहळू देशात येऊ लागले आहे. मंदीतही जे काम पूर्णपणे थांबत नाही असे मी मघाशी म्हटले, ते हेच काम.

दुर्दैवाने आमच्या तालुक्यातील मुलांना विमानतळ म्हटले, की इस्त्रीचा गणवेश आणि काउंटरवरचे हसरे स्वागत एवढेच दिसते. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या काही माजी विद्यार्थ्यांनी ‘विमानतळावर हमखास नोकरी’ अशा जाहिराती पाहून कुठल्या कुठल्या संस्थांत घरची लाख-दीड लाखाची पुंजी भरली. सहा महिन्यांनी हातात एक गुळगुळीत कागदाचे प्रमाणपत्र आले. एका मुलाच्या बापाने त्यासाठी दुभती म्हैस विकली होती. त्या प्रमाणपत्राला कोणी विचारीना, तेव्हा तो मुलगा एका हॉटेलात नोकरीस लागला. त्याचे पोट भरते आहे, पण म्हैस गेली ती गेलीच.

म्हणून पालक माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना दोन वाटा सांगतो. विमानाचा परवानाधारक देखभाल अभियंता व्हावयाचे असेल, तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय हवेत. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मान्यता असलेल्या संस्थेतच शिकावे लागते आणि महासंचालनालयाच्या परीक्षा द्याव्या लागतात. यंत्राची बाजू आणि विद्युत्-इलेक्ट्रॉनिक बाजू असे परवान्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. परीक्षा सोप्या नाहीत, आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव मोजून द्यावा लागतो. ज्याला इतके झेपणार नाही, त्याने आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर, वीजतंत्री किंवा शीतयंत्राचे काम मन लावून शिकावे. हे हात विमानतळाला लागतात, कारखान्याला लागतात, आणि दोन्ही ठिकाणी मंदी आली, तर म्हापशाच्या बाजारातही लागतात.

आणि फी भरण्यापूर्वी संस्थेला तीन प्रश्न विचारावेत. मान्यता कोणाची, तिचा क्रमांक काय, आणि तिची मुदत केव्हा संपते? मान्यताप्राप्त संस्थांची यादी महासंचालनालय स्वतःच प्रसिद्ध करते. ती कोणत्याही शाळेच्या संगणकावर पाहता येते. कोणाला पाहता येत नसेल, तर त्याने जवळच्या शाळेतील शिक्षकास विचारावे. धारगळ परिसरातील असेल, तर शाळा सुटल्यावर मी पाचपर्यंत शाळेतच असतो.